कमरेच्या एमआरआयमध्ये फक्त ‘डिस्क बल्ज’ आलंय, मग न्यूरोलॉजिस्टकडे कशाला पाठवलं असेल?

तुमच्या आईच्या दोन्ही पायांना मुंग्या येतात, अंधारात तोल जातो आणि रिपोर्टमध्ये ‘एल४-एल५ डिस्क बल्ज, कॉर्ड नॉर्मल’ एवढंच आहे, म्हणजे कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली गादी थोडी फुगलीय आणि कॉर्ड, म्हणजे मज्जारज्जू, ठीक आहे. तरीही जा, आणि याच आठवड्यात जा.

मी डॉक्टर नाही, पण आमच्या ताईचं असंच झालं होतं. घराजवळच्या दवाखान्यात ‘मणक्यात गॅप आहे’ म्हणून पट्टा दिला, त्यात चार महिने गेले. खरं तर काहीही त्रास नसलेल्या चाळिशीतल्या निम्म्या लोकांच्या एमआरआयमध्ये बल्ज दिसतं, ऐंशीच्या घरात ८४ टक्क्यांच्या.

मग परळला केईएमची न्यूरो ओपीडी गाठली. तिथल्या डॉक्टरांनी फिल्म पाकिटातून काढायच्या आधी तिच्या गुडघ्याखाली हातोडी मारली. पाय ताडकन उडाला. तळव्यावरून किल्ली ओढली, तर अंगठा वर गेला. कमरेत नस दबली तर हा झटका मंदावतो किंवा असतो तसाच राहतो, असा वाढत नाही. म्हणजे बिघाड वर होता, कॉर्डमध्ये. मोठ्या माणसाची कॉर्ड कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपते, त्याखाली नुसता नसांचा झुपका असतो. कमरेच्या एमआरआयमध्ये कॉर्डचं जेमतेम शेपूट येतं, त्यामुळे ‘कॉर्ड नॉर्मल’ हे तेवढ्यापुरतंच.

ताईच्या मानेच्या एमआरआयमध्ये, टी२ नावाच्या प्रकारच्या फिल्मवर, करड्या कॉर्डच्या मागच्या अंगाला पांढरी रेघ होती. अशा पांढऱ्या डागाचं कारण नुसत्या फिल्मवरून पक्कं होत नाही. एमएसमध्ये (मल्टिपल स्क्लेरोसिस, यात प्रतिकारशक्तीच मेंदू आणि कॉर्डवर उलटते) डाग बहुधा दोन मणक्यांपेक्षा आखूड असतो, तीन किंवा जास्त मणक्यांएवढा लांब असेल तर एनएमओचा (तसाच, पण डोळ्यांची नस आणि कॉर्ड सुजवणारा वेगळा आजार) विचार करतात. ताईचं रक्त तपासलं, बी१२ अगदी तळाला होतं. इंजेक्शनांनी तोल सावरला, मुंग्या मात्र थोड्या राहिल्याच.

डॉक्टरांना विचारा, मानेचा आणि पाठीचा एमआरआय लागेल का? सोबत नुसता रिपोर्ट नको, सीडीही न्या. एमआरआय साफ आला तरी हातापायांच्या नसांचा आजार असू शकतो, तो बहुधा एनसीव्हीत, म्हणजे नसांमधून विजेचा संदेश किती वेगाने जातो त्या तपासणीत, कळतो. लघवी अडली, बसायची जागा बधिर झाली किंवा पाय एकाएकी लुळे पडले, तर अपॉइंटमेंटची वाट न बघता थेट कॅज्युअल्टी गाठा.

आणि बी१२च्या गोळ्या रक्त दिल्याशिवाय सुरू करू नका, नाहीतर आकडा फसवा येतो.