भोसरीत माझं छोटं जॉबवर्कचं वर्कशॉप आहे. मोठ्या कंपनीने सात लाख थकवलेत, फोन उचलत नाहीत. लगेच वकील लावू का?

लगेच कोर्टात धावू नका. तुमची उद्यम नोंदणी, म्हणजे केंद्र सरकारकडची लघुउद्योग म्हणून नोंदणी, आहे का, ते आधी बघा. कामाच्या आधीची असेल तर उत्तम. नंतरची असली की समोरचा वकील पहिला तोच मुद्दा काढतो.

2006 च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योग) कायद्यानुसार सूक्ष्म-लघु उद्योगाचं बिल जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावं लागतं, करारात 90 दिवस लिहिले असले तरी. उशीर झाला की रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. मुदतीची तारीख आणि व्याजाचा आकडा घालून लेखी पत्र पाठवा. पुष्कळदा त्यानंतर अकाउंट्सवाले साहेब स्वतःहून फोन करतात!

नाहीच केला तर फॅसिलिटेशन कौन्सिलकडे, म्हणजे अशा थकबाकीचे वाद सोडवणाऱ्या सरकारी परिषदेकडे, अर्ज करा. तो ऑनलाइन होतो, वकील लागत नाही. आधी तडजोडीचा प्रयत्न, नाही जमलं तर लवाद. निकाल तुमच्या बाजूने लागला आणि त्यांना आव्हान द्यायचं असेल, तर आधी 75 टक्के रक्कम भरावी लागते. खरी गंमत इथे आहे.

वकील हवा तो लवादाच्या टप्प्यावर, किंवा 'माल रिजेक्ट होता' असा कांगावा सुरू झाला तर. त्यांनी तक्रार लेखी आणि माल मिळाल्यापासून 15 दिवसांत केली होती का, हे विचारा. माल कधी मिळाला ते दाखवायला त्यांच्या गेटवरचा इनवर्डचा (माल आत आल्याचा) शिक्का मारलेलं चलन जपा, व्हॉट्सॲपवरचा अंधुक फोटो नको. आणि बिलाला तीन वर्षं होऊ देऊ नका, नाहीतर दावा मुदतबाह्य ठरू शकतो.