संतांवर सिनेमा काढताना त्यांच्यातला माणूस दाखवावा का? भाविक दुखावतील का?

दाखवावाच. आणि भाविकांची धास्ती घेऊ नका, मराठीत ही परीक्षा १९३६ सालीच होऊन गेली आहे.

प्रभात फिल्म कंपनीचा 'संत तुकाराम' बघा. दिग्दर्शन दामले-फत्तेलाल यांचं, तुकोबा झाले विष्णुपंत पागनीस आणि त्यांची दुसरी बायको जिजाई, म्हणजे आपली आवली, केली गौरीबाईंनी. त्यात चमत्कार आहेत, शेवटी वैकुंठाला जाणारं विमानही आहे. तरी तुकोबा आपल्यातले वाटतात ते आवलीमुळे, असं माझं ठाम मत आहे. घरात दाणा नाही, नवरा भजनात दंग, त्यात पोरगं आजारी. ती त्या पोराला तशीच ओढत देवळात नेते आणि हातात वहाण घेऊन थेट विठोबालाच जाब विचारते. ज्या प्रेक्षकांनी विठोबाला हात जोडले, त्यांनीच हा प्रसंगही डोक्यावर घेतला. मुंबईत एकाच थिएटरात सिनेमा वर्षाहून जास्त चालला, १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवातही गाजला. कुणाला तो देवाचा अपमान वाटला नाही, कारण चुलीपुढे बसून रिकाम्या डब्यांशी झुंजणाऱ्या बाईचा तो राग होता. घरोघरी ओळखीचा.

हल्ली 'माणूस दाखवायचा' म्हटलं की संताला एखादं व्यसन नाहीतर प्रेमप्रकरण चिकटवतात. त्याची काही गरज नाही हो! तुकोबांनी स्वतःच लिहून ठेवलंय: 'दुष्काळें आटिलें द्रव्यें नेला मान । स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली ॥' १६३०च्या सुमाराच्या त्या दुष्काळात त्यांची पहिली बायको रखमाबाई गेली, धंद्याचं दिवाळं निघालं, चारचौघांत तोंड दाखवायची लाज वाटू लागली. तुकोबांनी यातलं काही झाकलं नाही, मग आपण कशाला झाकायचं?

तुम्ही कुठल्याही संतावर लिहा, आधी एवढंच शोधा की त्याच्या संतपणाची किंमत घरात कोण मोजतंय. त्या माणसाला स्वतःचे प्रसंग द्या, संत समोर नसतानाचे. उसनं पीठ मागायला शेजारी गेलेली आवली, सावकाराला दारातूनच परतवणारी आवली. आणि तिला हशा पिकवण्यापुरती कजाग बायको करू नका. कीर्तनांतून तिच्यावर तो अन्याय खूप झालाय.