चित्रकाराने कोणता सोशल मीडिया निवडावा? पाच ठिकाणी अकाउंट उघडली आहेत, नीट एकही चालत नाही

तुम्ही लिहिलंय की जलरंगात आणि टॅबलेटवर काम करता, नोकरी सांभाळून आठवड्याला जेमतेम पाच तास मिळतात, आणि मूळ चित्रं विकली जावीत, शिवाय ऑर्डरची कामंही यावीत अशी इच्छा आहे. हे धरून उत्तर देतो.

पाचपैकी तीन अकाउंट आजच थांबवा. डिलीट करू नका, कारण सोडलेलं नाव उद्या दुसरं कोणी घेऊ शकतं. तिथे फक्त एक ओळ लिहा: नवीन कामं अमुक ठिकाणी बघा. पाच तासांत पाच जागा सांभाळायला गेलं की चित्र काढायचाच वेळ खर्ची पडतो, हे तुम्हाला एव्हाना कळलंच असेल.

उरलेल्या दोन जागा ठरवताना "सगळ्यात जास्त लोक कुठे आहेत" हा प्रश्न सोडून द्या. चित्र बघितल्यावर त्या माणसाने पुढे काय करायला हवंय, ते आधी ठरवा. घरात लावायला चित्र घेणारा, मुलीचं व्यक्तिचित्र करून मागणारा, गेम स्टुडिओत कलाकार शोधणारा आणि जलरंग शिकू पाहणारा, हे चौघे एकाच ठिकाणी एकाच मनःस्थितीत भेटत नाहीत.

सगळ्या प्लॅटफॉर्मचे ढोबळ दोन प्रकार पडतात. इन्स्टाग्राम, थ्रेड्स, एक्स, ब्लूस्काय, टिकटॉक ही वाहती फीडं. तिथला माणूस तुमचं चित्र शोधायला आलेला नसतो, तुम्ही त्याच्या वाटेत येता, आणि पोस्टचं आयुष्य बहुतेकदा एक-दोन दिवसांचं असतं. यूट्यूब, पिंटरेस्ट आणि स्वतःची वेबसाइट हा शोधाचा मामला. तिथे माणूस "खिडकीतली मांजर जलरंग" असं काहीतरी टाइप करून येतो आणि दोन वर्षांपूर्वीचं चित्रही त्याच्यासमोर येऊ शकतं. माझा सल्ला: एक जागा फीडची, एक शोधाची. तुमच्या बाबतीत इन्स्टाग्राम आणि पिंटरेस्ट. कॅमेऱ्यासमोर बोलायला संकोच वाटत नसेल आणि शिकवायची आवड असेल, तर पिंटरेस्टऐवजी यूट्यूब.

हेतू वेगळा असेल तर उत्तरही बदलतं. गेम किंवा ॲनिमेशनसाठी कॉन्सेप्ट आर्ट (पात्रं आणि जागा कशा दिसतील याची आधीची चित्रं) करणाऱ्याने आर्टस्टेशनवर असावं, कारण कलाकार निवडणारे तिथे बघतात. ब्रँडिंग, पॅकेजिंग, पुस्तकांची सजावट अशी कामं बिहान्सवर पूर्ण प्रकल्प म्हणून मांडता येतात. कच्च्या रेखाटनापासून छापील वस्तूपर्यंत सगळे टप्पे दाखवा, नुसतं शेवटचं चित्र टाकलं तर बिहान्सचा उपयोग निम्माच होतो. उभ्या पट्टीतली कॉमिक्स करणाऱ्यासाठी वेबटूनचा कॅनव्हास विभाग आहे. तिथे एका तुकड्याची मर्यादा ८०० बाय १२८० पिक्सेल असते, त्यामुळे लांब पट्टी कुठे कापायची ते चौकटी आखतानाच ठरवावं लागतं.

आता इन्स्टाग्राम. बहुतेक चित्रकारांचं काम तिथे आहे त्यापेक्षा वाईट दिसतं, आणि त्याचं कारण चित्रात नसून फाइलमध्ये असतं. फाइल १०८० पिक्सेल रुंदीची करून द्या. मोठी दिली तर ॲप स्वतःच्या पद्धतीने ती लहान करतं आणि बारीक रेघा धूसर होतात. रंगांचं प्रोफाइल, म्हणजे फाइलमधले रंग स्क्रीनने कसे दाखवायचे याची नोंद, एसआरजीबी ठेवा. ॲडोबी आरजीबी किंवा छपाईसाठीचं सीएमवायके राहिलं, तर तुमच्या स्क्रीनवर रसरशीत दिसणारा केशरी दुसऱ्याच्या फोनवर मळकट दिसतो. जेपेगच्या दाबणीत रंगाची माहिती उजेडाच्या माहितीपेक्षा कमी बारकाईने साठवली जाते. म्हणून गडद पार्श्वभूमीवरच्या बारीक लाल रेघा हमखास फिसकटतात, काळ्या रेघा मात्र टिकतात. अशी रेघ चित्रात महत्त्वाची असेल तर तेवढा भाग जवळून घेऊन पोस्टमध्ये दुसऱ्या क्रमांकावर लावा. डिजिटल चित्रातल्या गुळगुळीत आकाशात पट्टे पडत असतील तर एक्स्पोर्ट करण्याआधी अगदी किंचित ग्रेन (बारीक दाणेदारपणा) टाका. पट्टे विरतात.

मापाचंही तसंच. जानेवारी २०२५ पासून प्रोफाइलवरच्या जाळीतल्या चौकटी चौरस राहिलेल्या नाहीत, त्या ३:४ झाल्या. १०८० बाय १३५० चं उभं चित्र जाळीत दोन्ही बाजूंना साधारण ३४ पिक्सेल कापलं जातं. चौरस चित्र टाकलं तर प्रत्येक बाजूने १३५ पिक्सेल जातात, म्हणजे पाव चित्रच दिसत नाही. कोपऱ्यातली सही, काठावरचं पान, डावीकडे बघणाऱ्या चेहऱ्याचं नाक, हे सगळं त्या पट्टीत सापडतं. नवीन माणूस प्रोफाइलवर आला की आधी ही जाळीच बघतो. तेव्हा पोस्ट करताना पूर्वदृश्य सरकवून नीट बसवा, किंवा चित्राभोवती थोडा कागदाचा पांढरा काठ ठेवा.

जलरंगाच्या फोटोत सगळ्यात जास्त बिघडतो तो कागद. पिवळ्या दिव्याखाली तो पिवळट येतो, आणि पांढऱ्याच्या प्रमाणामुळे फोन उजेड कमी करतो म्हणून करडाही होतो. खिडकीजवळ, थेट ऊन नसताना चित्र टेकवून ठेवा, खोलीतले दिवे बंद करा. फोन चित्राला समांतर धरा, अर्धा-एक मीटर मागे जाऊन दुप्पट झूम करा म्हणजे कडा वाकत नाहीत. स्क्रीनवर कागदावर बोट ठेवून उजेड थोडा वाढवा. नंतर एडिट करताना फक्त व्हाइट बॅलन्स आणि उजेड दुरुस्त करा. सॅच्युरेशन वाढवलं आणि चित्र विकलं गेलं, तर पार्सल उघडणाऱ्याला त्याने मागितलेल्यापेक्षा फिकं चित्र मिळतं आणि विश्वास उडतो.

अकाउंट "बिझनेस" न ठेवता "क्रिएटर" ठेवा. आकडेवारी दोन्हीकडे मिळते, पण बिझनेस अकाउंटला परवानाधारक गाण्यांचा साठा फारच तोकडा मिळतो. रील करत असाल तर प्रोक्रिएट या आयपॅडवरच्या चित्रकलेच्या ॲपमधला टाइमलॅप्स (चित्र घडतानाचा वेगवान व्हिडिओ) उपयोगी पडतो, ३० सेकंदांची आवृत्ती आपोआप निघते. व्हिडिओची गुणवत्ता मात्र कॅनव्हास उघडतानाच निवडावी लागते, मध्येच बदलत नाही. जलरंगासाठी फोन वरून टांगून चित्रीकरण करा. दोन तासांचं काम एका मिनिटात बसवायचं तर वेग १२० पट होतो आणि हात नुसते फडफडताना दिसतात. त्यापेक्षा ओल्या कागदावर रंग पसरतो ते १० सेकंद खऱ्या वेगात ठेवा आणि बाकीचं कापा. लोक थांबून बघतात ते तेच. दुसऱ्या ॲपचा लोगो असलेला व्हिडिओ उचलून टाकू नका, अशा रील्स कमी लोकांपर्यंत पोहोचवल्या जातात.

कॅप्शनमधली लिंक दाबता येत नाही, बायोमधली येते, आणि बायोत पाचपर्यंत लिंक ठेवता येतात. बायोला १५० अक्षरं मिळतात, ती वाया घालवू नका. "रंगांत रमणारी, स्वप्नं कागदावर उतरवणारी" हे वाचून गिऱ्हाइकाला काहीच कळत नाही. "पाळीव प्राण्यांची जलरंगातली चित्रं. ऑर्डर सुरू, तीन आठवड्यांत. माप आणि दर खालच्या लिंकवर." एवढं वाचलं की त्याला विचारायला काही उरत नाही, तो थेट लिंक दाबतो.

पिंटरेस्टला लोक सोशल मीडिया समजून वापरतात आणि मग लाइक येत नाहीत म्हणून सोडतात. तो चित्रांचा शोधयंत्र आहे. पिन (तिथली पोस्ट) १००० बाय १५०० पिक्सेलची, म्हणजे २:३ प्रमाणात असू द्या. त्याहून लांब गेली तर फीडमध्ये खालचा भाग कापला जातो. शीर्षकात कवितेची ओळ नको, शोधणारा जे टाइप करेल ते हवं. "सांजवेळ" या नावाने ते चित्र कोणीच शोधत नाही. "नदीकाठच्या संध्याकाळचं जलरंग निसर्गचित्र, ए४, मूळ चित्र विक्रीला" असं लिहिलं तर सापडतं. परदेशी गिऱ्हाईक हवं असेल तर तेच इंग्रजीतही लिहा. सण किंवा ऋतूशी जोडलेलं चित्र दीड-दोन महिने आधी टाका, कारण पिन वर यायला वेळ लागतो. आणि पिनची लिंक इन्स्टाग्रामच्या पोस्टवर देऊ नका. लॉगिन नसलेल्या माणसासमोर तिथे लॉगिनची भिंत येते आणि तो परत जातो. लिंक अशा पानावर द्या जिथे चित्राचं माप, कागद, दर, पाठवण्याचा खर्च आणि तुमच्याशी संपर्काची सोय हे सगळं आहे. साधं एकपानी संकेतस्थळही चालेल.

चोरी आणि एआयबद्दल तुम्ही विचारलंत, ती काळजी रास्त आहे. सार्वजनिक पोस्ट एआयच्या प्रशिक्षणासाठी वापरण्याची मुभा मोठ्या कंपन्यांनी आपल्या अटींत घेतलेली आहे. एक्सच्या तशा अटी १५ नोव्हेंबर २०२४ पासून लागू झाल्या, आणि इन्स्टाग्रामची मालक कंपनी मेटाही सार्वजनिक पोस्ट वापरते. डिसेंबर २०२२ मध्ये आर्टस्टेशनवर कलाकारांनी याच रागातून निषेधाच्या चित्रांनी पहिलं पान भरून टाकलं होतं. शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२३ मध्ये ग्लेझ आणि २०२४ मध्ये नाइटशेड ही चित्रं एआयपासून वाचवण्यासाठीची मोफत साधनं दिली. ग्लेझ चित्रात असे बारीक फेरफार करतं की एआय मॉडेलला शैली उचलणं अवघड जावं. सपाट रंगांच्या चित्रावर त्या फेरफारांची नक्षी डोळ्यांना जाणवते, जलरंगाच्या पोतात ती बरीच लपते. पूर्ण हमी त्यातही नाही. कारा हे कलाकारांसाठीच काढलेलं व्यासपीठ एआयने बनवलेली चित्रं पोर्टफोलिओत ठेवू देत नाही. सोबत्यांसाठी ते छान आहे, पण बघणारे मुख्यतः कलाकारच असल्यामुळे गिऱ्हाइकासाठी त्यावर विसंबू नका.

छापून विकणाऱ्या चोराविरुद्ध सोपा उपाय आकाराचाच आहे. १०८० पिक्सेल रुंदीचं चित्र ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) छापलं तर जेमतेम ९ सेंटिमीटर रुंद येतं. ४००० पिक्सेलची मूळ फाइल मात्र कुठेही चढवू नका, ड्राइव्हची उघडी लिंकसुद्धा देऊ नका.

कुठलाही प्लॅटफॉर्म निवडा, तो तुमचा नसतो. मायस्पेस या जुन्या सोशल साइटने सर्व्हर बदलताना बारा वर्षांत लोकांनी चढवलेली गाणी गमावली, हे २०१९ मध्ये उघड झालं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये गूगल प्लस बंद झालं. छोट्या व्हिडिओंचं व्हाइन त्याआधीच गेलं होतं. म्हणून लिंकच्या पानावर सगळ्यात वर ईमेल नोंदवायची जागा ठेवा आणि महिन्यातून एकदा नवीन चित्रांचं पत्र पाठवा. दर तीन महिन्यांनी अकाउंटचा डेटा उतरवून घ्या. दुहेरी पडताळणी चालू करा आणि तिचे बॅकअप कोड कागदावर लिहून ठेवा, कारण फोन हरवला की तेच उपयोगी पडतात.

विक्रीचं लिहायला लागलात की ठरावीक मेसेज येतील. "तुमच्या फोटोवरून भित्तिचित्र करायचंय, चेक पाठवतो, जास्तीची रक्कम माझ्या रंगाऱ्याला द्या" ही फसवणूक आहे. चेक नंतर परत जातो आणि तुमचे पैसे गेलेले असतात. "तुमच्या पोस्टवर कॉपीराइटची तक्रार आहे, इथे लॉगिन करा" हेही तसंच. ऑर्डरला निम्मे पैसे आधी घ्या, रेखाटन मंजूर करून मगच रंगाला हात लावा, बदल दोनदाच असं आधी लिहून द्या.

बारा आठवडे थांबा. आठवड्याला इन्स्टाग्रामवर दोन पोस्ट आणि पिंटरेस्टवर चार-पाच पिन, एवढं पाच तासांत बसतं, अट एकच की चित्र काढतानाच चित्रीकरण होऊन जावं. त्या काळात लाइक बघू नका. सेव्ह, दुसऱ्याला पाठवलेल्या पोस्ट, प्रोफाइलवरच्या भेटी आणि लिंकवरचे टॅप हे चार आकडे दर रविवारी वहीत लिहा. पोस्ट पुष्कळांपर्यंत गेली पण प्रोफाइलवर कोणी आलं नाही, तर चित्र पोचलं, मात्र ते कोणाचं हे कळलं नाही. मग पोस्टमध्ये तुमचा हात, टेबल, काम करतानाचा क्षण येऊ द्या. प्रोफाइलवर आले पण लिंक दाबली नाही, तर बायो दुरुस्त करा. लिंक दाबली पण विचारणा आली नाही, तर त्या पानावर बहुतेक दर लिहिलेला नसतो. "दरासाठी मेसेज करा" वाचून बरेच जण गप्प निघून जातात. बारा आठवड्यांनंतर एखाद्या जागेवरून लिंकवर कोणीच येत नसेल, तर ती थांबवा आणि बाजूला ठेवलेल्या तीन अकाउंटपैकी एक उघडा.