२०१२ च्या ज्युनियर वर्ल्ड अ‍ॅथलेटिक्समधलं (म्हणजे अंडर ट्वेंटी) ४०० मीटरचं गोल्ड वय खोटं निघालं म्हणून अकरा वर्षांनी काढून घेतलं, याचा आता कुणाला काय उपयोग, असं इथे कुणीतरी विचारलंय.

उपयोग आहे. उद्या सकाळची पाळी आहे, साडेअकरा वाजून गेलेत, तरी लिहायला बसलोय कारण हा प्रश्न विचारणारे बहुतेक जण फायनलच्या दिवशी चौथे आलेले नसतात.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन. जुलै २०१२, बार्सिलोना, डोमिनिकन रिपब्लिकचा लुगेलिन सांतोस ४४.८५ मध्ये ४०० जिंकला. मागे अमेरिकेचा आर्मन हॉल, त्याच्यामागे ऑस्ट्रेलियाचा स्टीव्हन सॉलोमन. महिन्याभरात लंडन ऑलिम्पिक, तिथे सांतोसने ४४.४६ मारून सिल्व्हर घेतलं आणि सॉलोमन पण फायनलला पोचला, म्हणजे बार्सिलोनाची ती रेस काही ऐऱ्यागैऱ्यांची नव्हती. मग २०२३ मध्ये अ‍ॅथलेटिक्समधले गैरप्रकार तपासणाऱ्या अ‍ॅथलेटिक्स इंटेग्रिटी युनिटने सांतोसवर तीन वर्षांची बंदी घातली, पासपोर्टवरची जन्मतारीख खोटी, ज्युनियरच्या वयात तो बसतच नव्हता. बार्सिलोनाचा निकाल रद्द. लंडनचं सिल्व्हर राहिलं, कारण ऑलिम्पिकला तुम्ही अठराचे की अठ्ठावीसचे कोण विचारतंय.

करिअर उताराला लागल्यावर तीन वर्षांची बंदी म्हणजे वरातीमागून घोडं, हे मान्य. हॉलला कागदावर गोल्ड मिळालं तरी त्या संध्याकाळचं राष्ट्रगीत कुठून आणणार. पण मला हॉलचं फार वाईट वाटत नाही, तो पुढच्याच वर्षी मॉस्कोला रिलेचं वर्ल्ड गोल्ड घेऊन गेला. मला वाईट वाटतं ते सेमीत नववा आलेल्या पोराचं. फायनलला लेन आठच. तो नववा कोण होता मी शोधलं पण नाही, त्याला कुठलंही युनिट फायनल परत पळायला देणार नाहीये.

आता माझं. २००३, पुणे, राज्य स्पर्धा, अंडर एटीन. पहिले तीन नॅशनलला. मला सातवी लेन आली होती, म्हणजे स्टॅगरमुळे (बाहेरच्या लेनची सुरुवात पुढून असते) मागचं कोणी दिसत नाही, नुसते स्पाइक्सचे आवाज. मी आंधळ्यासारखा सुटलो, पहिले २०० चोवीस पॉइंट काहीतरी, जे माझ्या कुवतीच्या बाहेरचं होतं. दुसऱ्या बेंडच्या शेवटी बॉडी लॉक झाली. शेवटच्या ऐंशी मीटरमध्ये डावीकडून एक जण गेला, मग दुसरा गेला, आणि लाइनच्या जरा आधी तिसरा गेला तो अगदी आरामात, खांदे पण वर आले नव्हते त्याचे. तो ५०.३, मी ५०.५. चौथा. एसटीने घरी आलो, सोबत आणलेली दशम्यांची पुरचुंडी तशीच परत आली म्हणून आई घाबरली, पोराला ताप आला की काय.

सहा वर्षांनी एका भरतीच्या मैदानावर कागदपत्रं तपासायच्या रांगेत तोच तिसरा आलेला माझ्यापुढे उभा. ओळखलं त्याने. बाहेर टपरीवर घेऊन गेला, चहाचे पैसे त्यानेच दिले, आणि हसत हसत म्हणाला, अरे तेव्हा मी तुझ्यापेक्षा अडीच वर्षांनी मोठा होतो, सरांनी दुसऱ्या शाळेतून दाखला काढून दिला होता, तेव्हा सगळेच करायचे. मनात काही नव्हतं त्याच्या. साधा पोरगा, घरी दीड एकर, खेळाडूंच्या पाच टक्के आरक्षणातून नोकरी मिळाली तर आख्खं घर वर येणार. मी पण हसलो. आजही सगळ्यात जास्त लाज त्या हसण्याची वाटते.

घरी येऊन मोठ्या भावाला सांगितलं. दादा जेवत होता, मान वर न करता म्हणाला, "मग? तो मोठा होता म्हणून तू शेवटच्या ऐंशीत चालायला लागलास का?" आणि ग्रेनाडाचा ४०० वाला किरानी जेम्स प्रसिद्ध झाल्यापासून तर काही बोलायची सोयच नाही. किरानी २००८ ला बिडगॉश्चच्या ज्युनियर वर्ल्डमध्ये पंधराव्या वर्षी अठरा-एकोणीसच्या पोरांत पळाला आणि ४५.७० मारून दुसरा आला, २०१० ला मॉन्क्टनला गोल्ड, २०१२ ला लंडनला ४३.९४ मध्ये ऑलिम्पिक गोल्ड, सांतोसच्या पुढे. दादाचं म्हणणं, दम असेल तर वय आडवं येत नाही, बाकी सगळे रडतराऊत.

दादा, किरानी हा नियम नाही रे, अपवाद आहे. आणि हा बघ तुझाच हिरो: १ सप्टेंबर १९९२ चा जन्म, म्हणजे २०१२ संपायच्या आत विसाचा होणार, म्हणून बार्सिलोनाला तो पळूच शकला नसता. इतकी काटेकोर रेषा आहे ती. सोळा ते अठरामध्ये दोन वर्षं म्हणजे काय हे १०० मीटरवाल्याला एक वेळ कळणार नाही, पण ४०० ला तीनशेपर्यंत सगळेच पळतात, पुढे लॅक्टिक अ‍ॅसिड चढून पाय जड झाल्यावर कोणाचं अंग तयार झालंय आणि कोणाचं अजून व्हायचंय तेच दिसतं. ती ताकद वयाबरोबर येते, नुसत्या जिद्दीने येत नाही.

विचारणाऱ्याने खाली कमेंटमध्ये टेस्ट का करत नाहीत असंही लिहिलंय. करतात, डाव्या मनगटाचा एक्सरे काढून हाडांचं वय बघतात, पण ते लहान गटांत चालतं. अठराच्या आसपास मनगटाची हाडं जुळून गेली की एकोणीस आणि एकवीस सारखेच दिसतात. अंडर ट्वेंटीत शेवटी कागदच पकडावा लागतो. आणि आपल्याकडच्या कागदाचं काय सांगू, माझ्या वर्गात अर्ध्या पोरांचा वाढदिवस १ जून. गुरुजींनी शाळेत घालताना टाकलेली तारीख, आजी म्हणायची पेरणीच्या आधी झाला, संपलं. म्हणजे चुकीची तारीख म्हणजे लगेच चोर असं नाही, हेही खरंय. पण एकदा कागदावर चढलेली तारीख पुढे पासपोर्टपर्यंत जाते आणि मग ती फायद्याची आहे म्हटल्यावर कोणी दुरुस्त करत नाही. ४४.४६ पळणाऱ्या सांतोसला खोट्या तारखेची काय गरज होती असं लोक विचारतात. पण तारीख टाकतात तेव्हा तो पुढे ४४.४६ पळणार हे कोणाला माहीत असतं?

म्हणून काढून घ्या. अकरा काय, तीस वर्षांनी पण काढून घ्या.

आता जे आधी सांगायला हवं होतं ते. टपरीवरचं बोलणं सोडलं तर माझ्याकडे पुरावा काही नाही, आणि पहिले २०० मी पंचवीसमध्ये काढले असते तर कदाचित तो मला गाठूच शकला नसता. ती सुरुवात चुकली माझीच. पहिल्या दोघांबद्दल माझी काही तक्रार नाही, ते चांगलेच पुढे होते.

दादा हे वाचणार, वहिनी त्याला लिंक पाठवतेच. तर दादा, शेवटचे ऐंशी मी चाललो नव्हतो. पळतच होतो.