कवितेतला खोल अर्थ नेमका कुठे असतो?

प्रश्न: वाचनालयातून काव्यसंग्रह आणून मी नेमाने वाचते, पण जाणकार मंडळी आठ ओळींच्या कवितेतून जे काढून दाखवतात, ते मला एकटीला कधीच दिसत नाही. तो अर्थ कवितेत खरोखर असतो, की वरून घातलेला असतो?
— एक वाचक, फोंडा

उत्तर: तुमची शंका रास्त आहे. वरून घातलेले अर्थही पुष्कळ असतात; म्हणून कवितेतल्या शब्दावर बोट ठेवून जो दाखवता येत नाही, तो अर्थ सोडून द्यावा.

बालकवींची ‘औदुंबर’ घ्या. शाळेत तिच्याबद्दल ‘निसर्गवर्णन’ एवढेच लिहून मी पूर्ण गुण मिळवले, आणि पुढे कित्येक वर्षे ती मला तेवढीच होती. आता नुसते रंग पाहत वाचा. हिरवाळी, निळासावळा झरा, शेतमळ्यांची हिरवी गर्दी, आणि त्या हिरव्यातून निघालेली पांढरी पायवाट, जी ‘काळ्या डोहाकडे’ जाते. मग पाण्यावर काळिमा पसरतो. पण कवी त्याला ‘गोड’ म्हणतो. या विशेषणापाशी थांबावे. कोणाला या कवितेत उदासी दिसते, कोणाला विरक्ती. ‘गोड’ आणि ‘काळिमा’ यांपैकी कशावर भार द्यायचा, यावर ते बरेचसे ठरते. क्रियापदेही पाहा: झरा वाहतो, पायवाट चालते, काळिमा पसरतो आणि औदुंबर मात्र ‘बसला’ आहे. चार घरांचे गाव आहे, वाट आहे, पण माणूस एकही नाही; माणसासारखे पाय टाकून बसले आहे ते झाड.

गोव्यातल्या वाचकाने एक सावधगिरी बाळगावी. आपल्याकडे झर म्हटली की केसरवाळसारखी डोंगरातून फुटणारी धार डोळ्यांपुढे येते. कवितेतला झरा बेटांमधून वाहतो, तिथे डोह आहे, लाटा आहेत, म्हणजे तो आपल्या व्हाळाच्या (ओढ्याच्या) जवळचा. उलट, औदुंबराला आपण रुमड म्हणतो, आणि व्हाळाच्या काठी पाण्यात मुळे सोडलेले रुमडाचे झाड ज्याने पाहिले आहे, त्याला ‘पाय टाकुनी’ हे शब्द समजावून सांगावे लागत नाहीत.

आठवडाभर ही एकच कविता मोठ्याने वाचा. मग ‘गोड’च्या जागी ‘गूढ’ घालून पाहा. मात्रा तेवढ्याच राहतात, वृत्त जराही बिघडत नाही; तरी काय हरवले, ते वहीत लिहून काढा.