पानांमधलं फॉस्फेट कसं मोजायचं?
आधी ठरवा, एकूण स्फुरद (फॉस्फरस) हवं की पेशीतलं मोकळं, अजैविक फॉस्फेट?

एकूण हवं असेल तर पानं ६५-७० अंशांना वाळवून दळा, नायट्रिक आणि परक्लोरिक आम्लात पचवा (म्हणजे तापवून विरघळवा) आणि व्हॅनेडेट-मॉलिब्डेट हे रसायन घातल्यावर येणारा पिवळा रंग स्पेक्ट्रोफोटोमीटरवर (रंगाची तीव्रता मोजणारं यंत्र) ४२० नॅनोमीटरवर वाचा. नायट्रिकमध्ये आधी पचन झाल्याशिवाय परक्लोरिक घालू नका, स्फोट होऊ शकतो. कृपया हे हलक्यात घेऊ नका.

मोकळ्या फॉस्फेटसाठी पानं वाळवायचीच नाहीत. तोडताक्षणी द्रव नायट्रोजनमध्ये गोठवा, नाहीतर फॉस्फेटेज विकरं (एन्झाइम) फॉस्फेट असलेली सेंद्रिय संयुगं फोडत राहतात आणि आकडा फुगतो. मग थंड, सौम्य आम्लात अर्क काढून मॉलिब्डेटमुळे येणारा निळा रंग (मॉलिब्डेनम ब्लू) त्याच यंत्रावर ८८० नॅनोमीटरवर मोजा.

पानं एकाच वयाची घ्या, कारण स्फुरद जुन्या पानांतून कोवळ्यांकडे सरकतं. आणि धुताना फॉस्फेटवाला साबण नको!