चेंडू पायात नसताना

प्रिय पोरा,

तुझा रात्री साडेअकराचा मेसेज सकाळी वाचला. फुटबॉलची तालीम सोडतोस म्हणे. तीन मॅचमध्ये गोल नाही, तुझी दहा नंबरची, मागून खेळ रचायची जागा बाहेरून आणलेल्या खेळाडूला दिली आणि तुला पुढं, गोलकडे पाठ करून उभं केलं. राग यायचाच. तुझ्या वयात मीही जर्सी काढून बाकावर फेकली होती. दुसऱ्या दिवशी ती परत मागायला जायची हिंमत झाली नाही, एवढीच माझी कमाई. त्यातून तुला काय शिकवणार? म्हणून दुसऱ्याची गोष्ट सांगतो.

वर्ल्डकप आला की तुमच्या गल्लीत ब्राझीलचे झेंडे लागतात. पेले, रोनाल्डो, नेमार तुम्हाला तोंडपाठ. टोस्टाओ कोण असं विचारलं तर मात्र सगळे एकमेकांकडे बघता. एदुआर्दो गोन्साल्विस हे त्याचं खरं नाव, जन्म १९४७ चा, गाव बेलो होरिझोन्टे. टोस्टाओ म्हणजे किरकोळ किमतीचं नाणं, आपल्याकडच्या चाराण्यासारखं. थोराड पोरांत खेळणारं हे सगळ्यात बारकं पोर, म्हणून ते नाव चिकटलं. डावखुरा, आणि क्रुझेरो क्लबात तुझ्यासारखाच, मागून येऊन खेळ रचणारा.

१९६६ साली ब्राझील कपच्या अंतिम फेरीत क्रुझेरोची गाठ पेलेच्या सांतोसशी पडली. सांतोसनं हा कप ओळीनं पाच वर्षं जिंकलेला. घरच्या मैदानावर क्रुझेरोनं त्यांना ६-२ नं धुतलं. परतीच्या सामन्यात मात्र मध्यंतराला ०-२ नं मागे. टोस्टाओला पेनल्टी मिळाली, ती त्यानं घालवली. वय एकोणीस. थोड्या वेळानं फ्री किक मिळाली, तेव्हा चेंडूमागं पुन्हा हाच उभा, आणि गोल. क्रुझेरोनं मॅच ३-२ अशी फिरवली. तू परवा कॉर्नर वाया गेल्यावर पुढचा कॉर्नर दुसऱ्याला घ्यायला लावलास, ते मी कठड्यावरून बघत होतो.

पुढं १९७० च्या वर्ल्डकपची पात्रता फेरी. सहा सामन्यांत त्याचे दहा गोल. सगळं जुळून आलं असं वाटत असतानाच, १९६९ च्या सप्टेंबरात बचावपटूनं जोरात मारलेला चेंडू त्याच्या डाव्या डोळ्यावर बसला. डोळ्याचा पडदा सुटला. अमेरिकेत ह्यूस्टनला जाऊन ऑपरेशन करावं लागलं आणि कित्येक महिने खेळ बंद. इकडे मार्चमध्ये संघाचा कोच बदलला, झागालो आला. त्याच्या मते पेले आणि टोस्टाओ एकाच जागेचे खेळाडू, म्हणजे टोस्टाओ फार तर पेलेचा बदली. पुढं त्याला धिप्पाड, अस्सल नऊ नंबरवाला, म्हणजे गोलसमोर उभा राहणारा सेंटर फॉरवर्ड हवा होता.

आता इथं नीट वाच. झागालोनं विचारलं, तू अगदी पुढं खेळशील का, चेंडू घ्यायला सारखा मागं न येता? टोस्टाओ हो म्हणाला. क्रुझेरोत त्याच्या पुढं एव्हाल्डो नावाचा सेंटर फॉरवर्ड असायचा. तो बॅकना, म्हणजे समोरच्या बचावपटूंना, गुंतवून ठेवायचा आणि टोस्टाओला मोकळी जागा मिळायची. आपल्यासाठी कुणीतरी काय करत होतं, हे या माणसानं इतकी वर्षं बघून ठेवलेलं होतं. तेच काम त्यानं आता पेलेसाठी अंगावर घेतलं. तुझ्यापुढं दोन वर्षं जो खेळला, तो काय करायचा हे तुला आठवतं का? मला तरी खात्री नाही.

त्या वर्ल्डकपमध्ये त्याच्याच संघातल्या जैरझिन्होनं सहा सामन्यांत सात गोल केले. टोस्टाओचे फक्त दोन, तेही एकाच सामन्यात, पेरूविरुद्ध. नुसता गोलांचा हिशोब बघणारा म्हणेल, याला काढा. पण इंग्लंडविरुद्धचा एकमेव गोल बघ. बाहेर त्याचा बदली खेळाडू अंग गरम करतोय. हा डावीकडे दोन-तीन जणांच्या गर्दीतून निघतो, इंग्लंडचा कर्णधार बॉबी मूरच्या पायांमधून चेंडू काढतो, गर्रकन वळतो आणि त्याच्या कमजोर, उजव्या पायानं चेंडू उचलून पेलेकडे देतो. पेले थांबवतो, बाजूला सारतो, जैरझिन्हो मारतो. आणि थोड्याच वेळात टोस्टाओला बाहेर बोलावलं गेलं. होय, त्यानंतरही! तुला तर ७० व्या मिनिटाला बदललं म्हणून तू पाण्याची बाटली लाथाडलीस.

इटलीविरुद्धच्या फायनलमधला ब्राझीलचा चौथा, कर्णधार कार्लोस आल्बर्टोनं मारलेला गोल तू मोबाइलवर शंभरदा बघितला असशील. तो सुरू कुठून होतो? स्वतःच्या हद्दीत डाव्या कडेला एक फॉरवर्ड मागं धावत येऊन इटलीच्या खेळाडूचा चेंडू काढून घेतो, तिथून. तो टोस्टाओ. रीलवाले हा तुकडा कापून टाकतात, त्यांचं डोकं! आणि शेवटी पेले चेंडू उजवीकडे सोडतो तेव्हा इटलीच्या बॅकना गुंतवून समोर कोण उभा आहे? तोच. एवढं अंतर कापून पुन्हा वर आलेला.

पुढचं थोडक्यात. वर्ल्डकपचं पदक त्यानं डोळा वाचवणाऱ्या सर्जनला देऊन टाकलं. १९७२ ला मोठ्या रकमेवर वास्को द गामा क्लबात गेला, १९७३ ला डोळ्यानं पुन्हा दगा दिला आणि डॉक्टरांनी खेळ थांबवायला सांगितला. वय सव्वीस. मग हा विश्वविजेता वैद्यकीयच्या पहिल्या वर्षाला, पोरासोरांच्या बाकावर जाऊन बसला. १९८१ ला डॉक्टर झाला, नंतर शिकवलंही. मधली कित्येक वर्षं तो फुटबॉलपासून लांबच होता. नव्वदच्या दशकात परत आला तो समालोचक आणि स्तंभलेखक म्हणून. तू शेवटच्या वर्षाचा फॉर्म भरला नाहीस, असं कानावर आलंय.

आता काम सांगतो. ती फायनल पूर्ण बघ, नव्वद मिनिटं, आणि चेंडूकडे बघू नकोस. फक्त नऊ नंबरकडे बघ. तो किती वेळा पळाला आणि चेंडू आलाच नाही, त्याच्या रेघा वहीत मार. मग आपल्या परवाच्या मॅचचा व्हिडिओ लाव आणि तुझ्या रेघा मार. वही घेऊन रविवारी सहाला मैदानावर ये. फॉर्मची शेवटची तारीख तुझ्या आईला विचारून घेतली आहे, शुक्रवार.

तुझा,
काका